शेवटचं प्रकरण बाकी

टेपरेकॉर्डर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत असेल याची मला शंकाच आहे. मित्रांनो, मी तोच आहे. पूर्वी माझा रंग काळा होता, आता राखाडी म्हणायचा. वरचं हँडल एका बाजूनं निखळलंय आणि डाव्या कोपऱ्याचा टवका उडालाय. हसू नका. माझ्या वयाचे बहुतेक भाईबंद केव्हाच भंगारात गेले. मी अजून टेबलावर आहे आणि माझ्या पोटात एक कॅसेट आहे, ती बाहेर काढायला कुणी धजत नाही. का, ते सांगतो. पण त्यासाठी आधी माझा जन्म सांगावा लागेल, मग दोन बायका, आणि मग एक पिवळ्या मुखपृष्ठाची टुकार कादंबरी.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलं आणि त्यांच्यामागे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका. एकीनं माझी चाकं बसवली, दुसरीनं रबरी पट्टा चढवला, तिसरीनं तो बारीक चकचकीत तुकडा बसवला ज्यानं मी ऐकतो आणि बोलतोही. शेवटी एका माणसानं मला सुरू करून कंटाळलेल्या आवाजात ‘एक, दोन, तीन’ म्हटलं, आणि मी ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. तो म्हणाला, चांगला आहे. माझं पहिलं कौतुक तेवढंच. मग खोक्यात भरून मला पाठवलं ते थेट बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं वाचून माझ्यात भरून ठेवत. खोली एवढीशी, भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली. वाचन चालू असताना पंखा बंद ठेवायचा, खिडकी लावून घ्यायची. वाचणाऱ्याच्या मानेवरून घामाच्या धारा लागायच्या, पण रुमाल काढायची सोय नव्हती, कारण रुमालाचाही आवाज येतो. तिथला कायदा कडक. छापलंय तेच वाचायचं, त्यात स्वतःचा एक शब्द घालायचा नाही. पुस्तक आवडलं, नाही आवडलं, ते घरी ठेवून यायचं. आणि पान उलटायचं ते असं की मांजरालासुद्धा कळू नये.

तिथल्या सगळ्या वाचकांत एक बाई पहिल्या नंबरची. तिला सगळे पोपट म्हणत. नाव कुणी दिलं ते पुढे येईलच. बुटकीशी, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज असा की वीजबिल वाचून दाखवलं तरी माणूस ऐकत बसावा. इतरांची वाक्यं ती इतकी सुंदर म्हणायची, पण पुस्तक मिटलं की तिला बोलता येत नसे. दुकानदारानं साबण चुकीचा दिला तरी ती तोच घेऊन घरी यायची. शाळेत, घरी, लग्नाला नाही म्हणताना, सगळीकडे तिची तीच रड. समोर छापील ओळ नसली की तिचं वाक्यच जुळत नसे.

आणि दुसरी तपासनीस. ती जन्मापासून आंधळी. उंच, दणकट, बसली की खुर्ची कुरकुरायची. वाचलेली प्रत्येक कॅसेट आधी तिच्याकडे जायची. ती डोकं किंचित वाकडं करून ऐकायची आणि चूक पकडायची. इथे श्वास मोठा झाला, तिथे एक ओळ सुटली, वाक्य लंगडतंय बघा. तिला लिहून शेरा देता येत नसे, म्हणून ग्रंथालयात एक रीत पडली होती. कॅसेटच्या शेवटी जी रिकामी जागा उरते, तिथे ती स्वतःच्या आवाजात शेरा भरायची. ‘तपासलं. बरोबर आहे.’ किंवा ‘तपासलं. तिसऱ्या प्रकरणात कुत्रं भुंकलंय, ते वाचकानं पुन्हा करून द्यावं.’ वाचक शेवटपर्यंत कॅसेट फिरवून शेरा ऐकायचे आणि मान खाली घालून पुन्हा वाचायला बसायचे. तिला कुणाची भीडभाड नव्हती. म्हणून पोपटनं तिचं नाव ठेवलं फौजदार, आणि तिनं उलट हिचं नाव ठेवलं पोपट, कारण ही दुसऱ्याचं तेवढं बोलते. ती नावं ग्रंथालयभर झाली.

मित्रांनो, त्या दोघी एकमेकींच्या होत्या. तुमच्या घरात जशी दोन माणसं एकमेकांची असतात, एकाला ताप आला की दुसऱ्याला झोप लागत नाही, अगदी तशाच. एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्या राहत. घरमालकाला सांगितलं होतं, आम्ही मैत्रिणी. हा शब्द खोटा नव्हता, पण पुरेसा नव्हता. पुरेसा शब्द उच्चारला असता तर खोल्या मिळाल्या नसत्या.

माझी कामाची वर्षं जोरात गेली. मग ग्रंथालयात कॉम्प्युटर आले आणि मला कपाटावर चढवलं. धूळ साचली, पट्टा सैल पडला. कधी कुणी गंमत म्हणून सुरू केलं तर माझा आवाज झोपेतल्या माणसासारखा जड यायचा आणि पोरं खो खो हसायची. एक दिवस भंगारवाला आला. त्यानं मला काखेत मारलं, तेवढ्यात पोपट दारात आडवी उभी राहिली. तोंडातून शब्द काही निघेना, पण तिनं माझं हँडल धरलं ते सोडलंच नाही. हँडल निखळलं ते त्या झटापटीत. तिनं मला घरी नेलं, नवा पट्टा बसवून घेतला, कापसानं आणि स्पिरिटनं माझं तोंड पुसलं. फौजदारनं माझी बटणं चाचपून पाहिली. लाल बटण रेकॉर्डिंगचं, ते चुकून दाबलं तर आधीचं सगळं पुसलं जाईल, म्हणून तिनं पोपटकडून त्यावर नेलपॉलिशचा एक जाड थेंब टाकून घेतला. तो वाळल्यावर बोटाला बरोबर लागायचा. तो थेंब अजून आहे.

घरी मी दोघींचं भांडण रोज ऐकायचो. फौजदारला खिडकी उघडी हवी, रस्ता ऐकायला. पोपटला बंद हवी, आयुष्यभराची सवय. तुझ्यामुळे मी गुदमरून मरणार, असं फौजदार म्हणायची आणि पोपट उठून खिडकी अर्धी उघडायची.

फौजदारची एक जुनी मागणी होती. कामावर असताना तिनं प्रेमाच्या गोष्टी पोत्यानं ऐकल्या होत्या. त्यांत तिच्यासारख्या बायका जवळजवळ नव्हत्याच. कुठे एखादी आलीच तर शेवटच्या पानाआधी विहिरीत उडी घ्यायची, नाहीतर तिला वेड लागायचं. फौजदार चिडायची. शेरा देताना आवाज सपाट ठेवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. मग पोपटला म्हणायची, “एकदा तरी असं पुस्तक आण, ज्यात आपल्यासारख्या दोघी शेवटच्या पानावर जिवंत असतील. आणि मला हसू येईल. रडून रडून कान दुखले माझे.”

असं पुस्तक आलं, पण फार उशिरा आलं. तोवर फौजदारच्या पोटात गाठ निघाली होती. दवाखान्यात पोपटनं तिचा हात धरून सगळ्या रांगा लावल्या. खिडकीतल्या माणसानं विचारलं, तुमचं नातं काय? पोपट म्हणाली, मैत्रीण. तो म्हणाला, रक्ताचं कुणी असेल तर बोलवा. अशा रीतीनं फौजदारचा धाकटा भाऊ, जो वर्षानुवर्षं फिरकला नव्हता, तो आला. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता औषधानं दुखणं कमी होईल, गाठ नाही. तो चांगला इस्त्रीचा शर्ट घालणारा, हळू बोलणारा माणूस. तो म्हणाला, सख्खा भाऊ असताना बहिणीनं परक्या घरी असं पडून राहायचं, बरं दिसत नाही. रविवारी दुपारी गाडी घेऊन येतो.

तो गेल्यावर फौजदार अंथरुणात उठून बसली. मग तिनं पोपटचा हात चाचपडून धरला आणि सांगितलं, “तो आला की तू एकच वाक्य बोल. ही माझी आहे, ही इथेच राहील. मी बोलले तर म्हणतील, आजारी बाईला काय कळतंय. तू बोललीस तर मी राहीन.”

पोपट म्हणाली, “बोलेन.”

ती बोलेन म्हणाली खरी, पण आवाज पोकळ होता. आवाजाचं मी ओळखतो, माझा जन्म त्यातच गेला.

दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं ती कादंबरी आणून दिली. पिवळं मुखपृष्ठ, त्यावर स्कूटरवर बसून हसणाऱ्या दोन तरुण मुली, आणि मागे छापलेलं की हसून हसून पोट दुखेल. दोन बायकांच्या प्रेमाची गोष्ट, आणि तीही विनोदी. फौजदार म्हणाली, माझं पोट आधीच दुखतंय, वाच. आणि नुसतं वाचू नकोस, रेकॉर्ड कर. नेलंच मला तर तिथे मला कोण वाचून दाखवणार? ही कॅसेट तरी माझ्यासोबत येईल.

तर मित्रांनो, असं होतं सगळं. एकीला जन्मभर मागितलेली गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची होती. आणि दुसरीला त्या गोष्टीतून एक वाक्य हवं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण वाचायच्या आधी ती मिटलेलं पुस्तक हातात धरून माझ्यासमोर बसायची आणि पुटपुटायची: दोघींपैकी एकीला न्यायला कुणीतरी येणारच, अशा गोष्टीत येतंच. तेव्हा दुसरी काय म्हणते ते बघू. ते मी पाठ करीन. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं म्हटली, हेही म्हणेन.

वाचन सुरू झालं आणि पोपटचा चेहरा उतरत गेला. गोष्टीतल्या एका मुलीचं फुलांचं दुकान, दुसरीचं समोरच. दोघींचं भांडण, मग प्रेम. पण दुकानात कधी कुणी फुलं विकायचं नाही, नुसत्या बादल्या सांडायच्या. दोघींना कधी ताप येत नाही, भाडं भरावं लागत नाही, शेजारी कुजबुजत नाहीत. एकीची आई एका प्रकरणात छाती बडवते आणि पुढच्या प्रकरणात नाचते, मध्ये काय झालं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पोपट वाचायची तेच, जे छापलं होतं. शिस्त मोडली नाही. पण तिचा आवाज आंबत चालला होता, आणि फौजदारसमोर ते लपणार कसं? तिनं एवढंच म्हटलं की वाचकाचा आवाज रुसलाय.

शनिवारी ते प्रकरण आलं. एका मुलीला घरी न्यायला तिची मावशी येते. दारात उभी राहते. दुसरी मुलगी पुढे होते आणि तोंड उघडते. पोपटचा श्वास अडकला, तो मी टिपलाय. आणि पुढच्याच ओळीत कुत्रा येतो, मावशीच्या डोक्यावरचा केसांचा टोप ओढतो आणि पळत सुटतो. सगळे कुत्र्याच्या मागे. मावशी घसरून पाण्याच्या हौदात पडते, हौदातून उठून हसायला लागते आणि म्हणते, जा बाई, राहा दोघी. संपलं. ती दुसरी मुलगी काय बोलणार होती, ते लेखकानं लिहिलंच नव्हतं. त्याला ते माहीतच नसावं.

आणि फौजदार हसली. अंथरुणात, पोट दाबून धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. किती दिवसांनी हसली ती.

पोपटनं मला बंद केलं. तिला संताप आला होता, आणि त्याच्या आत भीती होती. तिनं विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? फौजदार म्हणाली, कुत्रा. आणि पुन्हा हसली. तेव्हा पोपट बोलली, तिच्या मानानं पुष्कळच बोलली. सगळं खोटं आहे, म्हणाली. उद्या दारात तुझा भाऊ उभा राहणार, तो काही हौदात पडणार नाही. लोक आपल्यावर एक पुस्तक लिहितात आणि त्यात कुत्रा घालतात. मी पुढचं वाचणार नाही.

फौजदारचं हसू थांबलं. ती शांतपणे म्हणाली, “बाकीच्यांसाठी असली टुकार पुस्तकं ढिगानं आहेत. मी सगळी तपासली. आपल्या वाट्याला हे एक आलंय. टुकार तर टुकार. एकच प्रकरण राहिलंय ना? त्या दोघी जिवंत राहतात, तेवढं ऐकू दे मला.”

पोपटनं पुस्तक मिटलं. शेवटी काय होणार ते मला न वाचताच कळतंय, म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिनं अबोला धरला. यापूर्वीही धरायची, संध्याकाळचा चहा घेऊन आली की सुटायचा. त्या संध्याकाळी चहा आला, पण अबोला सुटला नाही. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, सकाळी वाचू, असं तिनं मनात ठरवलं असणार. कारण झोपायला जाण्याआधी तिनं पुस्तक उचलून माझ्याजवळ ठेवलं आणि कॅसेट जिथे थांबली होती तिथे तशीच राहू दिली.

भाऊ सकाळीच आला. रस्त्यात गर्दी नको म्हणून लवकर निघालो, म्हणाला. सोबत वहिनी आणि गाडीचा ड्रायव्हर. दार पोपटनंच उघडलं. ती दारात उभी राहिली, तोंड उघडलं. मी वाट बघत होतो, फौजदारही वाट बघत होती, डोकं किंचित वाकडं करून, जशी कामावर ऐकायची तशी. काहीच आलं नाही.

भाऊ म्हणाला, “तुम्ही खूप केलंत आमच्या ताईसाठी. आता आमचं आम्ही बघू.”

पोपट म्हणाली, “गोळ्या जेवणानंतर द्या.”

एवढंच. मित्रांनो, मी माणसांचे लाखो शब्द साठवले आहेत, पण एवढे चुकीचे शब्द क्वचित ऐकले. ती वाईट नव्हती. तिला येत नव्हतं. वहिनीनं फौजदारला उठवलं, शाल गुंडाळली. फौजदारनं एकदा पोपटच्या दिशेनं तोंड केलं आणि मग म्हणाली, माझा तो रेकॉर्डर घ्या. भाऊ म्हणाला, हा रेडिओ होय, घ्या घ्या. कॅसेटींचं बुटाचं खोकं पोपटनं स्वतः तिच्या मांडीवर ठेवलं. पिवळं पुस्तक टेबलावरच राहिलं.

भावाचं घर स्वच्छ, मोठं. आम्हाला मागची खोली दिली. तुम्हाला वाटेल तिचा छळ झाला, तर तसं नाही. औषध वेळेवर, चादर रोज बदललेली. पण तिच्याशी कुणी बोलायचं नाही. आत यायचे ते पाय न वाजवता, जसं काही ती आधीच गेली आहे. तिनं पहिल्या दिवशी माझी कॅसेट लावली. पोपटचा आवाज खोलीत भरला, फुलांच्या दुकानातल्या त्या दोघी भांडायला लागल्या. वहिनी दारात थबकली, थोडं ऐकलं, आणि येऊन माझा आवाज अगदी बारीक केला. म्हणाली, घरात मुलं आहेत. म्हणजे तुमच्यासारखी मुलं. तुमच्या नावावर मोठी माणसं काय काय बंद करतात, याची तुम्हाला कल्पना नाही. तेव्हापासून फौजदार माझ्या जाळीला कान लावून ऐकायची. तिचा गाल गरम असायचा. कुत्रा आला की हसायची, आवाज न करता. मग वाचन पोपटच्या त्या ‘मी पुढचं वाचणार नाही’च्या आधी खट्ट करून थांबायचं आणि पुढे नुसती खरखर. ती खरखरसुद्धा ती ऐकत राहायची.

एका दुपारी पोपट आली. बाहेरच्या खोलीतून तिचा खोकला ऐकू आला आणि फौजदारची बोटं चादरीवर ताठ झाली. पोपटच्या पिशवीत पुस्तक असणार, माझी खात्री आहे. वहिनीनं तिला चहा दिला आणि सांगितलं की ताईंचा आत्ताच डोळा लागलाय. फौजदार जागी होती. तिच्यात हाक मारण्याइतका दम नव्हता. तिनं हात लांब करून मला सुरू केलं, माझं आवाजाचं चाक चाचपलं आणि शेवटपर्यंत फिरवलं.

पोपटचाच आवाज घरभर घुमला. स्कूटरवरच्या मुली, बादल्या, मावशी. बाहेर कपबशी खडखडली. वहिनी धावत आत आली, मला बंद केलं, बाहेर जाऊन म्हणाली, झोपेत हात लागला असेल. पोपटला कळलं होतं. तिला न कळून कसं राहील? आपलाच आवाज भिंतीपलीकडून आपल्याला बोलावतोय आणि मध्ये फक्त एक दार आहे. आता ती येईल, असं मला वाटलं. माझा पट्टासुद्धा ताणला गेला असेल. मग खुर्ची सरकली, आणि ती म्हणाली, बरं, पुन्हा येईन. जिन्यावर तिची पावलं फार हळू गेली.

फौजदार पुष्कळ वेळ पडून राहिली. रडली नाही. संध्याकाळी वहिनी पाणी देऊन गेल्यावर तिनं मला जवळ ओढलं. कॅसेट पुढे पळवली, जाळीला कान लावून नेमकी ती जागा शोधली जिथे वाचन संपतं. मग बोटानं नेलपॉलिशचा तो थेंब हुडकला आणि लाल बटण दाबलं. तिचा आवाज खोल गेला होता, पण सूर तोच, कामावरचा, सपाट.

“तपासलं. वाचन स्पष्ट आहे. वाचकाचा आवाज काही ठिकाणी रुसलेला आहे, त्याला हरकत नाही. शेवटचं प्रकरण बाकी आहे. ते वाचकानं पूर्ण करून द्यावं.”

बटण सोडलं. त्यानंतर तिनं मला पुन्हा लावलं नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी ती गेली. घरातली मुलं शाळेत गेली होती.

पुढे काही दिवसांनी भाऊच मला घेऊन आला, सोबत खोकं, तिची पांढरी काठी आणि कंगवा. दारात उभा राहून म्हणाला, हे तुमच्याकडे असू द्या. त्याचे डोळे लाल होते. माणूस म्हणून तो काही दगड नव्हता, पण त्याचा आता काय उपयोग. पोपटनं सगळं घेतलं. दार लावून घेतलं.

तिनं मला टेबलावर ठेवलं आणि पहिल्या कॅसेटपासून ऐकायला बसली. स्वतःचा तो आंबट आवाज तिला सहन होत नव्हता, पण तिनं एकही कॅसेट सोडली नाही, कारण कामाची रीत तशी होती. शेवटच्या कॅसेटवर कुत्रा आला, मावशी हौदात पडली, वाचन थांबलं. ती उठणार होती. पण इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं शेऱ्यासाठी कॅसेट फिरू दिली.

तिनं तो शेरा ऐकला. मी तुम्हाला खोटं सांगत नाही, ती ओरडली. इतक्या वर्षांत मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. खाली सायकलवाल्यानं हातोडी थांबवली. मग तिनं डोकं माझ्यावर टेकवलं आणि इतकी रडली की माझ्या जाळीत पाणी गेलं, तिथे आता गंज आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं पंखा बंद केला. खिडकी लावायला गेली आणि हात मागे घेतला. खिडकी अर्धी उघडीच ठेवली. कॅसेट उलटून लावली आणि ते प्रकरण वाचलं.

मला तुम्हाला सांगायला आवडलं असतं की शेवटचं प्रकरण फार सुंदर निघालं. नाही निघालं. कादंबरी शेवटपर्यंत टुकारच होती. दोघी लग्नाच्या कपड्यांत स्कूटरवरून निघतात, स्कूटरचं पेट्रोल संपतं, त्या ढकलत नेतात, मावशीचा टोप पुन्हा उडतो, कुत्रा पुन्हा येतो. लेखकाकडे दुसरा विनोदच नव्हता. पण त्या दोघी शेवटच्या पानावर होत्या. चिखलानं माखलेल्या, दमलेल्या, जिवंत. आणि पोपटनं ते रुसून वाचलं नाही. कुत्रा आला तिथे तिनं आवाजात अशी जागा सोडली, जिथे ऐकणाऱ्याला हसता यावं. मी फौजदारचं हसू ओळखतो. ती बरोबर तिथे हसली असती.

पुस्तक समाप्त, असं पोपट म्हणाली. इथे वाचकानं थांबायचं असतं. ती थांबली नाही. पुस्तक बाजूला सारलं, चष्मा काढला, आणि कुठेही छापलेलं नव्हतं असं वाक्य म्हणाली.

“ही माझी आहे. ही इथेच राहील.”

एकदाही अडखळली नाही. रस्त्यावरून कुणीतरी घंटी वाजवत गेलं, तीही त्यात आली आहे. मग ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली आणि मला चालूच ठेवलं, शेऱ्यासाठी रिकामी जागा सोडायची असते म्हणून.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांवरची धूळ पुसा, वगैरे मी सांगणार नाही. पुसली तर बरं, नाही पुसली तरी चालेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात ज्याला दिसत नाही, ज्याला वाचता येत नाही, जो अंथरुणात आहे, असं कुणी तुम्हाला म्हणालं की मला एवढं वाचून दाखव, तर वाचा. पुस्तक तुम्हाला पटणार नाही, लाज वाटेल, राग येईल. येऊ द्या. ऐकणाऱ्याला त्यातलं काय हवंय, ते तुम्हाला माहीत नसतं. आणि रुसायचंच असेल, तर शेवटचं पान झाल्यावर रुसा.

ती कॅसेट अजून माझ्या पोटात आहे. पोपट रोज सकाळी फडक्यानं मला पुसते, लाल बटणावरच्या थेंबाला बोट लावून बघते आणि खिडकी अर्धी उघडते. वाक्यानंतरची ती जागा रिकामी आहे. तिथे ‘तपासलं’ म्हणणारं कुणी नाही.